सागवानी खोलीचा रंग

भावाचा मुलगा सन्मती परवा फोनवर म्हणाला, "आत्या, पुढच्या खोलीचं काय करायचं? डिझायनर म्हणतोय, सगळा रंग खरवडून काढू आणि आतलं लाकूड दाखवू. सध्या तेच चालतं म्हणे. तू सांग." मी म्हटलं, "बाळा, विचारायला तुला दुसरं कुणी मिळालं नाही का?" तो हसला. त्याला वाटलं, आत्या नम्रपणा करतेय. नम्रपणा माझ्या अंगात कधीच नव्हता, त्याच्या बापाला विचारलं असतं तरी त्याला कळलं असतं. त्या खोलीला रंग लावावा की न लावावा, यावर माझं मत त्या घरानं एकदा घेतलेलं आहे. त्याचे परिणाम भोगायला तेव्हा घरात माझ्याखेरीज तीन माणसं होती, आणि भिंतीत किती जण होते ते मोजायची काही सोय नव्हती. तुमचं तुम्ही बघा, असं सांगून मी फोन ठेवला. मग दोन दिवस दुसरं काही सुचेना, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सांगलीतलं आमचं घर मूळचं एका वकिलाचं. माझे वडील, म्हणजे अण्णा, शेतकरी माणूस. नदीकाठाला ऊस, वरच्या रानात हळद. पोरांची शिक्षणं व्हावीत म्हणून ते शहरात आले आणि वकिलाच्या वारसांकडून त्यांनी हा बंगला घेतला. वकील विलायती थाटाचा असणार. पुढच्या खोलीच्या चारी भिंतींना त्यानं जमिनीपासून माणसाच्या डोक्याच्याही वर काळपट तपकिरी फळ्या ठोकून घेतल्या होत्या. आम्ही त्यांना नुसत्या 'फळ्या' म्हणायचो. पॅनेलिंग हा शब्द मी पुढं कॉलेजात शिकले आणि शिकल्याबरोबर सगळ्यांना ऐकवून सोडला. खोलीत दुपारी बारालासुद्धा दिवा लावावा लागायचा. गावाकडचा माणूस आत आला की आधी चाचपडायचा आणि मग खुर्ची सापडली की बसायचा. पण अण्णांना त्या फळ्यांचा केवढा अभिमान! कुणीही आलं की ते उठून बोटाच्या पेरानं फळी ठोकायचे आणि म्हणायचे, "साग हाय, अस्सल. वकिलानं बर्म्याहून मागिवलंता." हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. वकील तर आम्ही यायच्या आधीच वारला होता.

घरात आई, अण्णा, मी आणि अक्का. धाकटा भाऊ हॉस्टेलला होता, त्यामुळं तो या सगळ्यातून सुटला. अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला आणि ती भावाकडं आली ती कायमची. आम्ही जैन खरे, पण अण्णांचा धर्म जरा सैल होता, आईचा बेताचा, आणि राहिलेला सगळा अक्कानं सांभाळलेला. सूर्य मावळायच्या आत तिचं जेवण उरकायचं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कच्च्या केळ्याची भाजी आणि वाटीभर दही, यापलीकडं तिची मागणी नसायची. पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय तिच्या तोंडाला लागत नसे. कडधान्याला किडे झाले की सगळ्या बायका ते कडक उन्हात पसरतात. अक्का मात्र ते सावलीत सुपात पसरून बसायची. किड्यांनी आपण होऊन, सावकाश, कुठलाही त्रास न होता निघून जावं, अशी तिची व्यवस्था असायची. कधीकधी त्यांना जायला दोन दिवस लागायचे. तोवर आमच्याकडं मटकीची उसळ होत नसे, आणि आई भांडी जरा जोरात ठेवायची. ती आदळआपट अक्काला कळायची नाही, कारण तिच्या कानांनी केव्हाच दगा दिला होता. तिच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून ओरडावं लागायचं, नाहीतर ती ओठांकडं बघून समजून घ्यायची.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि जगातली बहुतेक माणसं आपल्यापेक्षा कमी शिकलेली आहेत असा माझा समज होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याला मावशीकडं गेले. मावशीचे यजमान कोयनानगरला इंजिनियर होते, बदली झाल्यावर त्यांनी साताऱ्यात नवं घर बांधलं होतं. त्या घराची बैठकीची खोली मी पाहिली आणि माझं डोकं फिरलं. भिंतींना ऑफ-व्हाइट रंग, खिडकीला तसलाच पडदा, कोपऱ्यात एक कुंडी. बास, एवढंच. मी तिथं बसले आणि मला वाटलं, आपण माणसात आलो. मावशी म्हणाली, "तुमच्याकडं अजून तो अंधारकोठा आहे का गं?" आणि मी, कुणी विचारलं नसताना, म्हणाले, "छे गं, आमच्याकडंही हेच काम निघालंय. ऑफ-व्हाइटच करतोय सगळं." मावशीला आनंद झाला. ती म्हणाली, "मग मी येतेच श्रावणात बघायला." म्हणजे पहिली थाप मी साताऱ्यातच मारली, हे नीट नोंदवून ठेवते. पुढची तिच्या पोटातून आली.

सांगलीला परतल्यावर मी अण्णांच्या मागं लागले. घरात प्रकाश कसा हवा, अंधाराचा मनावर काय परिणाम होतो, यावर मी जेवताना व्याख्यान द्यायची. आई भाकरी वाढत ऐकायची. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "साग रंगिवत्यात व्हय? अक्कल हाय का तुला? उद्या म्हनशील, सोन्याला चुना लावा." मी रुसले. रुसायची माझी एक पद्धत होती. मी त्याच काळ्या खोलीत दिवा न लावता बसायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला ठेच लागावी. चार दिवसांत अण्णांच्या अंगठ्याचं नख गेलं आणि ते म्हणाले, "बोलीव कुनालातरी. पर बघायपुरतं. रंग न्हाई."

बोलावलं रशीदचाचांना. ते मिरजेचे. सतार-तंबोऱ्यांना पॉलिश करण्यात त्यांची हयात गेली होती, आणि हंगाम नसला की घरांची कामंही घ्यायचे. बुटके, पांढरी दाढी, बोटांना कायमचा लाखेचा रंग चढलेला. ते आत आले, अण्णांनी सवयीनं फळी ठोकली आणि बर्म्याचं सांगितलं. रशीदचाचांनीही ठोकली. एक ठोकली, दुसरी ठोकली, गुडघ्यावर बसून खालची ठोकली, नखानं कड खरवडली. मग फार अदबीनं म्हणाले, "अन्ना, वाईट वाटून घेऊ नका. दरवाजाची चौकट साग हाय. बाकी समदा आंबा हाय. वरनं काळं पॉलिश मारलंय."

अण्णा खुर्चीवर बसले. इतकी वर्षं शेकडो पाहुण्यांना दाखवलेला साग आंब्याचा निघाला होता, आणि तोही त्या माणसानं सांगितलेला, ज्याला लाकूड नुसतं बोटानं कळतं. ते एवढंच म्हणाले, "वकील शेवटी वकीलच." मला आतून उकळ्या फुटत होत्या. आंबा रंगवायला कुणाची हरकत असणार? पण रशीदचाचा अजून गुडघ्यावरच होते. त्यांनी फरशीवरून बोट फिरवलं आणि ते वर धरलं. बोटाला पिवळट पीठ लागलं होतं. "आनि ह्यात घुन हाय," ते म्हणाले. "लय न्हाई. पर हाय. लांबी भरून भोकं बुजवू, वरून ऑईलपेंट मारू. आतल्या आत मरून जातील."

दारात अक्का उभी होती. शेवटचं वाक्य तिनं ओठांवरून बरोबर उचललं.

ती भांडली नाही. ती कधीच भांडायची नाही, त्यामुळं तिच्यापुढं कुणाचं काही चालत नसे. तिनं अण्णांना समोर बसवलं आणि म्हणाली, "आप्पू, रंग लावा, न्हाई म्हनत न्हाई. पोरीची हौस हाय. पर जिती जित्राबं भितीत चिनून मारायची, आन म्या त्याच भितीला टेकून जप करायचा, हे मला जमायचं न्हाई. ती गेल्यावर लावा. त्याआदी लावलात, तर म्या गावाकडं जाईन. हितलं पानी घेनार न्हाई." ती तसं करणार हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. गावाकडच्या घरात कुणी राहत नव्हतं. तिथं ती एकटी, कानांनी बहिरी, विहिरीचं पाणी ओढत बसली असती. अण्णा म्हणाले, "ठरलं. ती गेल्याबिगर रंग न्हाई."

आता घुण जाणार कसे? सुपातले किडे जातात, पण भिंत काही सुपात पसरता येत नाही. अक्कानं यावरही विचार केला होता. तिनं रानातून आंब्याचं एक जुनं फळकूट आणवलं आणि ते भिंतीला टेकवून उभं केलं. फळ्यांतल्या घुणांना बिऱ्हाड हलवायला जवळच सोय व्हावी म्हणून. अण्णा ते बघून म्हणाले, "आदी पुनर्वसन, मग रंग." तेवढ्यापुरते सगळे हसलो. राहिला प्रश्न, ते गेले की नाहीत हे ओळखायचं कसं? घुण लाकूड खातात तेव्हा अगदी बारीक आवाज येतो. स्टीलचा पेला फळीला लावून त्याला कान लावला की तो ऐकू येतो, हे रशीदचाचांनीच सांगितलं होतं. पण अक्काला ढोल ऐकू येत नव्हता, घुण कुठून येणार? म्हणून ते काम तिनं माझ्यावर सोपवलं. मला म्हणाली, "शैले, तूच माजं कान."

रोज दुपारी घर जरा शांत झालं की मी पेला घेऊन फळ्यांना कान लावत फिरायची. आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं. इंग्रजी वाङ्मयाची विद्यार्थिनी, दुपारी तीन वाजता, जमिनीवर पालथी पडून घुणांची हजेरी घेतेय! पहिल्या दिवशी काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीखालच्या फळीत आवाज आला. कुरकुर, कुरकुर, मग थांबणं, मग पुन्हा कुरकुर. शेजारच्या खोलीत कुणीतरी चोरून पापड खातंय असं वाटायचं. संध्याकाळी अक्का ताटावर बसायच्या आधी मला विचारायची, "येतंय का गं ऐकू?" मी ओरडायची, "येतंय!" ती म्हणायची, "आसू दे, आसू दे. सावकाश जातील," आणि समाधानानं भाकरी मोडायची. असे तीन आठवडे गेले. ते फळकूट तसंच उभं होतं, आणि त्यात एकही घुण राहायला गेला नव्हता. त्यांना आमचीच भिंत आवडत होती.

आणि चातुर्मास जवळ आला. तो लागला की चार महिने घरात खोदकाम, रंगकाम, काही नाही, कारण पावसाळ्यात जीवजंतू जास्त. मावशी तर श्रावणात यायची. शेवटचे आठ दिवस उरले तेव्हा मी पेला लावून अक्षरशः घुणांना विनवण्या करत होते. ते खातच होते. त्या दिवशी संध्याकाळी अक्कानं ताटावर बसताना विचारलं, "येतंय का गं ऐकू?" आणि मी ओरडून सांगितलं, "नाही! चार दिवस झाले, काही नाही!" किती सहज सांगितलं. जीभ अडखळली नाही की काही नाही. अक्कानं हातातला घास ताटात ठेवला. उठली, पुढच्या खोलीत गेली आणि भिंतीला दोन्ही हात जोडून म्हणाली, "गेलासा? बरं केलंसा. सुखी ऱ्हावा." मी दारात उभी होते. तेव्हा सांगायला हवं होतं. मी त्याऐवजी दुसऱ्या दिवशी रशीदचाचांना निरोप धाडला.

रशीदचाचा आले. पॉलिशपेपर मारायच्या आधी त्यांनी खिडकीखालच्या फळीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ज्यांनी आयुष्यभर तंबोऱ्याच्या लाकडाला हात लावला त्यांना पेला कशाला लागतोय? माझ्याकडं बघून ते हळूच म्हणाले, "बेटी, ह्ये तर हाय की आत." मी म्हटलं, "नाही चाचा, मी रोज ऐकते." ते म्हणाले, "तुमी म्हनताय तर न्हाई." आणि डब्याचं झाकण उघडलं. एकेका भोकात लांबी भरली जात होती आणि मी कॉलेजचं पुस्तक उघडं धरून शेजारी बसले होते. एक ओळ वाचली नाही.

खोली ऑफ-व्हाइट झाली. दमट हवेत रंग वाळायला आठवडा लागला. वाळल्यावर अण्णा मधोमध खुर्ची टाकून बसले, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाले, "मिरजंच्या दवाखान्यात आल्यागत वाटतंय. आपला नंबर कवा लागनार?" खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. साताऱ्यात जे इतकं छान दिसलं होतं ते आमच्या जाडजूड खुर्च्या, नातेवाइकांचे फोटो आणि अण्णांचं धोतर यांच्या मागं अगदीच आजारी दिसत होतं. पण मी म्हटलं, "डोळ्याला सवय नाही तुमच्या." डोळ्याला सवय! किती ती आगाऊ!

आणि मग एका सकाळी खिडकीखाली, नव्याकोऱ्या ऑफ-व्हाइट रंगात टाचणीएवढं भोक दिसलं. खाली फरशीवर चिमूटभर पीठ. मेले नव्हते. लांबी फोडून, ऑईलपेंट फोडून ते बाहेर आले होते. पहिल्यांदा मला इतकं हायसं वाटलं, की मी तिथंच खाली बसले. मग लक्षात आलं, सकाळी खोली अक्का झाडते. तिनं हे पाहिलं की माझी थाप उघडी पडणार, आणि अक्का गाठोडं बांधून गावाकडं जाणार. मी पदरानं, म्हणजे ओढणीनं, ते पीठ पुसलं. दुसऱ्या दिवशी दोन भोकं. त्या दिवसापासून मी घरात सगळ्यांच्या आधी उठायला लागले. ज्या पोरीला आठ वाजता हलवून उठवावं लागायचं ती तांबडं फुटायला ओलं फडकं घेऊन फरशीवर! आई शेजारणीला कौतुकानं सांगायची, "शैला सुधारली बघा. लग्नाला आली आता." मी भोकांत पांढरी टूथपेस्ट भरायची. घुण रात्रीत ती बाहेर ढकलायचे. श्रावणात मावशी आली, खोलीभर नजर फिरवून म्हणाली, "छान केलंय गं. आम्ही मात्र आता बदलतोय. भिंतींना लाकडाच्या फळ्या मारायच्यात, आता तीच फॅशन आहे." अण्णांना एवढा जोराचा ठसका लागला की आईनं पाणी आणून दिलं.

मला मात्र हसू येत नव्हतं. अक्काचे उपवास सुरू झाले होते. ती रोज त्याच भिंतीला पाठ टेकून जप करायची आणि मी समोर बसून तिच्या खांद्याशेजारचं नवं भोक बघायची. सांगायचं म्हटलं की वाटायचं, सांगितलं की ती गेली. न सांगावं तर ती रोज फसतेय. भाद्रपदातलं पर्युषण आलं, दहा दिवस तिनं एकवेळ जेवून काढले. वाळून काटकी झाली. आणि अकराव्या दिवशी क्षमावाणी. त्या दिवशी आमच्यात प्रत्येकानं प्रत्येकाची हात जोडून क्षमा मागायची असते. वर्षभरात कळत-नकळत जे काही दुखावलं असेल त्याची. बहुतेकदा ते दिवाळीच्या शुभेच्छांसारखंच होतं. मंदिरातून आल्यावर दारादारांत हात जोडायचे, "उत्तम क्षमा, उत्तम क्षमा," आणि पुढचं घर. पण त्या वर्षी मी रात्रभर मनाशी वाक्यं जुळवली होती. अक्का मंदिरातून आली की पाय धरायचे आणि सांगून टाकायचं.

ती आली. चप्पल काढून सरळ पुढच्या खोलीत, माझ्यासमोर. मी वाकणार एवढ्यात तिनंच हात जोडले. साठीची बाई, एकोणीस वर्षांच्या पोरीसमोर. म्हणाली, "शैले, म्या तुजी क्षमा मागती. वर्त माजं, कान माजं गेल्यालं, आन वझं तुज्यावर टाकलं. तुला खोटं बोलाया लागलं ते माज्यापायी."

ती पुढं म्हणाली, "कान गेल्यात माजं. डोळं न्हाईत गं. पीठ पयल्याच दिशी दिसलं. म्हनलं, गाठोडं बांदावं. मग तू दिसलीस, पाटंचं उठून, फडकं घिऊन. म्या गेल्यावर एकलीच पुसत बसली असतीस की." तिचे हात जोडलेलेच होते. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

मी म्हणाले, "मला क्षमा कर." निदान म्हणाले असं मला वाटलं. प्रत्यक्षात आवाज बाहेर पडलाच नव्हता, आणि माझा चेहरा रडून असा वाकडातिकडा झाला होता की ओठ वाचायची सोय नव्हती. अक्का पुढं झुकली. "काय म्हनलीस?" मी पुन्हा म्हणाले. "ऐकू येत न्हाई गं." तेव्हा मी, जी आयुष्यभर हळू आवाजात, सभ्यपणानं, ऑफ-व्हाइट बोलायचं ठरवून होते, ती छाती फुटेस्तोवर ओरडले, "मी खोटं बोलले, अक्का! मला रोज ऐकू येत होतं! मला क्षमा कर!" आई पिठाच्या हातानं दारात आली. पलीकडच्या खोलीतून अण्णा आले. रस्त्यानं मंदिराकडं जाणारी चार माणसं आमच्या खिडकीशी थांबली.

अक्कानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंतीकडं बघत, अगदी दबक्या आवाजात, म्हणाली, "हळू गं. ती दचाकत्यात."